केंद्राच्या मनात आलं की राज्य सरकार बरखास्त?

राज्यात सरकार डळमळलं की चर्चा ठरलेली: ‘दिल्लीच्या मनात आलं की उद्याच राष्ट्रपती राजवट!’ हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. १९७७ मध्ये जनता सरकारनं काँग्रेसची नऊ राज्य सरकारं घालवली, १९८० मध्ये इंदिरा गांधींनी तितकीच घालवून हिशेब चुकता केला. त्यात महाराष्ट्रातलं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकारही गेलं. राष्ट्रपती राजवटीची तरतूद असलेलं राज्यघटनेतलं कलम ३५६ वापरावंच लागू नये, अशी आशा आंबेडकरांनी घटना समितीत व्यक्त केली होती, हे इथे आठवतंच.

पण चित्र १९९४ मध्ये बदललं. कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी बजावलं की बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात मोजायचं. बरखास्तीची कारणं न्यायालय तपासू शकतं. संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येत नाही.

हे कागदावरच राहिलं म्हणाल, तर २०१६ चं उत्तराखंड पाहा. राष्ट्रपती राजवट लागली, उच्च न्यायालयानं ती रद्द ठरवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच्या देखरेखीखाली १० मे रोजी विश्वासदर्शक ठराव झाला आणि हरीश रावत पुन्हा मुख्यमंत्री झाले.