१८ ग्रॅम कॉफी आणि नागपूरचा मे महिना

"मामा, ११ सेकंद." भाच्यानं माझ्या हातून कप घेतला, एकदा वास घेतला आणि मी चव घ्यायच्या आत सिंकमध्ये रिकामा केला.

तो धरमपेठेतल्या एका कॅफेत बरिस्ता, म्हणजे मशीनवर कॉफी करून देणारा, आहे. दोन वर्षं झाली. "इंजिनिअरिंग केलेला पोरगा दिवसभर कॉफी ढवळतो," ही माझ्या बहिणीची तक्रार, आणि मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो म्हणून चौकशीचं काम माझ्या गळ्यात. त्यात शिकण्यासारखं असतं तरी काय, ते बघून ये. म्हणून मे महिन्यातल्या एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी काउंटरच्या पलीकडे उभा होतो.

एस्प्रेसोचं, म्हणजे दाबाखाली गरम पाणी ढकलून काढलेल्या दाट कॉफीचं, गणित कागदावर सोपं आहे. १८ ग्रॅम भुकटी, ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी, ९ बार दाब, आणि २५ ते ३० सेकंदांत कपात साधारण ३६ ग्रॅम कॉफी. माझ्या शॉटमध्ये (एका वेळी काढलेल्या एस्प्रेसोला शॉट म्हणतात) सगळं तेच होतं, फक्त पाणी ११ सेकंदांत पळालं. आता भाजलेल्या कॉफीच्या बीत पाण्यात विरघळण्याजोगा भाग वजनाच्या जेमतेम ३० टक्के, बाकीचा निव्वळ चोथा. त्यातलंही सगळं बाहेर काढायचं नसतं. भुकटीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के उतरलं की चव जमते. विरघळण्याला क्रम असतो: आम्लं आणि क्षार आधी सुटतात, गोडसर भाग मागून येतो, कडू आणि जिभेला कोरडं पाडणारे रेणू सगळ्यात शेवटी. ११ सेकंदांत पहिलेच पाहुणे येऊन गेले होते. कप आंबट-खारट असणार हे त्याला वासावरूनच कळलं.

चूक कुठं झाली? मी टॅम्परवर, म्हणजे भुकटी दाबायच्या ठोकळ्यावर, अंगातला सगळा जोर लावला होता. भाचा हसला. मग बिलाच्या पाठीवर मीच हिशोब मांडला. बास्केटचा, म्हणजे भुकटी भरायच्या जाळीदार वाटीचा, व्यास ५८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २६ चौरस सेंटिमीटरच्या वर. ९ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ९ किलोहून थोडं जास्त. गुणाकार केला तर २४० किलोच्या घरात जातो. पाणी दाबलेल्या भुकटीच्या चकतीवर २४० किलोनं बसत असताना माझ्या पंधरा-वीस किलोंना कोण विचारतो! दाबून भुकटीतली हवा निघावी आणि ती सपाट व्हावी, एवढंच काम. आणि नेमकं तेच मी केलं नव्हतं. जोराच्या नादात टॅम्पर तिरपा गेला होता. बांध जिथं कच्चा तिथूनच पाणी फुटतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. भुकटीत अशी वाट फुटली की कॅफेतले लोक 'चॅनलिंग झालं' म्हणतात. त्या वाटेवरची भुकटी कडू होईपर्यंत धुतली जाते आणि शेजारची जवळपास तशीच राहते.

खरी किल्ली ग्राइंडरमध्ये आहे. गिट्टीच्या ढिगावर पाणी ओता, झरझर खाली जातं. कन्हान नदीच्या बारीक रेतीवर ओता, वेळ लागतो. भुकटी बारीक केली की पाण्याला अडथळा वाढतो आणि शॉट लांबतो. पण ग्राइंडरमधून एकाच मापाचे कण कधीच पडत नाहीत. मोठ्या तुकड्यांबरोबर पिठासारखी धूळही येते, आणि ही धूळ दाण्यांमधल्या फटी बुजवते. आदल्या दिवशीची खूण पाहून दुसऱ्या दिवशी ग्राइंडर लावला आणि काम झालं, असं म्हणूनच होत नाही. रोज सकाळी कॅफे उघडायच्या आत तीन-चार शॉट काढायचे, घड्याळ पाहायचं, चाखायचं, ग्राइंडरची चकती एखादी खूण सरकवायची. याला ते 'डायल-इन' म्हणतात. मी पाहिलेली सगळ्यात शिस्तीची गोष्ट इथं होती: तो एका वेळी एकच गोष्ट बदलत होता. ग्राइंड बदललं तर वजन तेच, वजन बदललं तर ग्राइंड तेच. प्रॅक्टिकलच्या तासाला हे मी वर्षानुवर्षं घसा कोरडा होईस्तोवर सांगतोय.

आणि त्यात आपलं नागपूर. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तेवढं दरवर्षी होत नसलं तरी मे महिन्यातली हवा किती कोरडी असते हे इथं राहणाऱ्याला माहीत आहे. नायलॉनचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. तोच चटचटाट ग्राइंडरमध्ये चालू असतो. बी फुटताना आणि घासताना कणांवर विद्युतभार येतो, ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, काही उडून काउंटरभर पसरतात. गुठळ्यांमधून पाण्याला पुन्हा वाटा मिळतात. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि ज्वालामुखीच्या राखेतल्या विजांचा अभ्यास करणारे संशोधक यांनी २०२३ मध्ये यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. बी जितकी कोरडी तितका भार जास्त. दळायच्या आधी बियांवर थोडं पाणी शिंपडलं तर भार आणि गुठळ्या दोन्ही कमी होतात आणि कॉफी जास्त दाट उतरते. भाच्याकडे केसांवर पाणी मारायची, न्हाव्याकडे असते तसली बाटली आहे. एक फवारा, बिया हलवायच्या, मग दळायच्या. मला आधी वाटलं अंधश्रद्धा असेल.

बिया कर्नाटकातल्या चिकमगळुरूहून येतात. आपल्या विदर्भातही चिखलदऱ्याला कॉफी होते हे मी त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, तर त्याला ते माझ्या आधीपासून माहीत होतं.

मग दूध. इथं मी जास्त वेळ रेंगाळलो, कारण फेस हा माझ्या मते स्वयंपाकघरातला सगळ्यात दुर्लक्षित चमत्कार आहे. वाफेची नळी दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवली की कागद फाटल्यासारखा आवाज येतो. तेवढ्या वेळात हवा आत जाते. दुधातली प्रथिनं त्या बुडबुड्यांभोवती पातळ कातडं धरतात. भांडं अंगाइतकं कोमट झालं की नळी खोल बुडवायची आणि दूध भोवऱ्यासारखं फिरवायचं, म्हणजे मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. आवाज खरखरीत झाला तर चुकलं, चिरका झाला तर फारच चुकलं. बरिस्ता निम्मं काम कानानं करतो. ६० ते ६५ अंशांवर थांबायचं. ७० च्या पुढे प्रथिनांची घडी मोडते, उकळलेल्या दुधाचा वास येऊ लागतो. आपल्याला तो वास आवडतो, दूध उतू जाईस्तोवर तापवून वर साय धरायची आपली रीत. पण त्या वासाखाली कॉफी दबून जाते.

तापमान तो हातानं ओळखतो. एक तळहात भांड्याला टेकवलेला. त्वचेतला उष्णतेची वेदना टिपणारा टीआरपीव्ही१ हा रेणू साधारण ४३ अंशांपुढे जागा होतो. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. दूध ५५ च्या आसपास पोचलं की हात टेकवून ठेवणं जड जातं. तिथून भाचा मनात तीन मोजतो आणि वाफ बंद करतो. मी थर्मामीटर घालून पाहिलं: ६२. दुसऱ्यांदा ६३. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवून देशभर खळबळ उडवली होती, आणि नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. त्या मानानं हा तळहात बराच भरवशाचा निघाला.

घरी नागपुरी म्हशीचं दूध येतं, त्यात स्निग्धांश सात टक्क्यांच्या आसपास. तेच का वापरत नाहीत, मी विचारलं. फेस जड होतो, चव कॉफीवर बसते, असं त्याचं म्हणणं. त्यापेक्षा उन्हाळ्याचा त्रास वेगळाच. ट्रेमधून तापत, हेंदकाळत आलेल्या दुधात स्निग्धांश थोडा तुटतो आणि सुटी झालेली मेदाम्लं बुडबुड्यांची कातडी फोडतात. दूध नासलेलं नसतं, पण फेस धरत नाही. असं दूध तो कोल्ड कॉफीकडे वळवतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर सगळ्यांनी पाहिलाय; पाणी तापलं की त्यातला चुना असा बाहेर पडतो, आणि मशीनच्या बॉयलरमध्येही तेच होतं. म्हणून सगळे क्षार काढून टाकावे, तर कॉफी सपक लागते, कारण चवीचे रेणू बाहेर ओढायला मॅग्नेशियम, कॅल्शियम थोडं लागतंच. लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले पदार्थ बरे मानतात. भाच्याच्या खिशात ते मोजणारं टीडीएस मीटर पेनासारखं खोचलेलं असतं.

बाकी, दिवसाचे आठ तास उभं राहणं आहे, आणि टॅम्पर दाबून दाबून मनगट धरणं आहे. प्रत्येक कपानंतर नळीतून वाफ सोडून ती फडक्यानं पुसणं, कारण नळीवर वाळलेलं दूध तासाभरात खरवडूनही निघत नाही. रात्री मशीन उलट्या दाबानं धुणं. मला वाटतं, फेसावरच्या पानाफुलांच्या नक्षीपायी या कामाची चुकीची जाहिरात झालीय. भाच्याला ती नक्षी अजून धड येत नाही; त्याचं बदाम पिंपळपानासारखं दिसतं.

बहिणीला हे सगळं सांगितलं. तिनं पगार विचारला. तो विचारायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या सकाळी भाच्याचा फोन आला. कालच्याच खुणेवर आज शॉट ३८ सेकंद घेतोय, पाच फेकले. हवेतल्या ओलीमुळे भार कमी, गुठळ्या कमी, म्हणून पाण्याला वाटा मिळत नसतील, मी म्हणालो. "असेल मामा," तो म्हणाला, "मी फवारा बंद करून पाहिला, ३५ वर आलं. आता ग्राइंड एक खूण जाड करतो." मागे ग्राइंडर सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्यानं फोन ठेवला.