पार्श्वभूमी : सिंह, तरस आणि शिकार नेमकी कोणाची?

आपल्याकडचं तरस पट्टेदार. माळावर बहुधा एकटंच फिरणारं आणि माणसाची चाहूल लागताच काढता पाय घेणारं. गीरच्या सिंहांना शेजार आहे तो याचाच. सिंहाशी उभा दावा मांडणारं आफ्रिकेतलं ठिपकेदार तरस हे वेगळंच जनावर. वजन पन्नास-साठ किलो, टोळीत माद्यांचं राज्य आणि टोळी कधी कधी साठ-सत्तरांची. हिमयुगात युरोपातही गुहासिंह आणि गुहातरस एकाच मुलखात राहत होते, पण या वैराबद्दल आज जे बोललं जातं त्यातलं बरंचसं १९६०च्या दशकात टांझानियातल्या न्गोरोंगोरो विवरात ठरलं.

त्याआधी पाहणी व्हायची ती दिवसा. पहाटे गाडी पोचली की सिंह झेब्र्यावर ताव मारताना दिसायचा आणि चार पावलांवर तरसं घुटमळत असायची. शिकार सिंहाची, तरसं उष्ट्यावरची, असा निकाल बसल्या जागी लागायचा. मग एका अभ्यासकाने चांदण्या रात्री तरसांच्या मागे गाडी घातली. विल्डबीस्टचा पाठलाग करून त्याला पाडत होती तरसं. गलका ऐकून सिंह यायचा आणि त्यांना हुसकून मढ्यावर बसायचा. पहाटेचं दृश्य तेच, फक्त आदली रात्र कोणी पाहिली नव्हती. सिंहाने मारलेल्या जनावराच्या गळ्यावर बहुधा सुळ्यांच्या खुणा असतात आणि तिथली कातडी सोलली तर खाली रक्त साकळलेलं दिसतं. तरसं गळा धरत बसत नाहीत, थेट पोट फाडतात. कातडी सोलून पाहण्याचे कष्ट मात्र फार थोड्यांनी घेतले होते.

सगळा घोळ ‘मृतभक्षक’ या शब्दाचा. दुसऱ्याने मारलेलं खाणारा तो मृतभक्षक, असं म्हणायचं तर विवरातला सिंहही त्यात बसतो. पण पाठ्यपुस्तकात हा शिक्का तरसावरच. सिंहाने हिसकावलं की ‘ताबा’ आणि तरसाने हिसकावलं की ‘चोरी’, हा भेद निसर्गातला नाही, लिहिणाऱ्याचा आहे. शिवाय जागा बदलली की हिशेब बदलतो. शेजारच्या सेरेंगेटीतली तरसं मेलेल्या जनावरांवर विवरातल्यांपेक्षा जास्त जगत होती.

विवरातल्या निष्कर्षांनाही एक पाचर आहे. १९६२ साली अतिवृष्टीनंतर चावऱ्या माश्यांचा असा सुळसुळाट झाला, की साठ-सत्तर सिंहांतले दहा-पंधराच उरले. रात्रीच्या त्या नोंदी झाल्या तेव्हा सिंह नुकते सावरत होते आणि जेमतेम २६० चौरस किलोमीटरच्या तळात सुमारे ३८५ प्रौढ तरसं होती. म्हणजे तरसाचं पारडं मुळातच जड होतं. पुढे १९८०च्या दशकात सिंह शंभरीपार गेले आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तरसं पूर्वीच्या एक तृतीयांशाहूनही कमी उरली. हे सगळं सिंहांमुळेच झालं असं नाही, भक्ष्यही घटलं होतं.

ताकदीचा प्रश्न बोट्स्वानातल्या सावुतीत बराच सुटला. तिथल्या नोंदींनुसार एका सिंहिणीमागे चार तरसं जमली की ती सिंहिणींना शिकारीवरून उठवू शकतात, पण प्रौढ नर जवळपास नसेल तरच. नर आला की गणित मोडतं. तो तरसाला मारतो आणि बहुतेक वेळा न खाता तसंच टाकून देतो, त्यामुळे याला निव्वळ भुकेचं भांडण म्हणणं अवघड आहे. केनियातल्या मसाई मारामध्ये १९७९पासून तरसांच्या टोळ्यांवर पाळत आहे. तिथेही प्रौढ तरसांच्या मृत्यूंच्या नोंदीत सिंहाचा वाटा मोठा दिसतो.

सिंहांची गणती करणारी पथकं आता या वैराचाच उपयोग करून घेतात. शिकारीवर भांडणाऱ्या तरसांचा ध्वनिमुद्रित आवाज रात्री गाडीच्या टपावरच्या भोंग्यातून सोडायचा आणि दिवे मालवून थांबायचं. आयतं मढं मिळेल या आशेने सिंह चालत येतात.