सुरक्षेचे वातावरण आणि सुरक्षेची संस्कृती

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) ४ मार्चला, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिनी गेल्यास तेथील शपथ, फलक आणि नवी हेल्मेट पाहून येथे सुरक्षेची संस्कृती रुजली आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशी दिसते ते फार तर सुरक्षेचे वातावरण असते. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच नियम मोडणारा कामगार बेफिकीर ठरतो आणि चौकशी तिथेच थांबते.

वातावरण म्हणजे वरिष्ठांना खरोखर कशाची किंमत आहे, याविषयी कामगारांचा आजचा सामायिक समज होय. संशोधक डोव झोहर यांनी इस्रायलमधील २० औद्योगिक संस्थांतील कामगारांना प्रश्नावली देऊन तो मोजला आणि १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा समज वरिष्ठांच्या अडचणीच्या वेळच्या वागण्यावरून बनतो. ओलसर लॅडलमध्ये (वितळलेला धातू ओतण्याच्या भांड्यात) सुमारे १४०० अंश सेल्सिअसचे वितळलेले लोखंड पडले, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो, म्हणून लॅडल आधी तापवून पूर्ण कोरडी करावी लागते, हे जुन्या कामगारांना पाठ असते. तरीही ऑर्डर अडलेली असताना सुपरवायझर ‘चालतंय की, वता बिगीनं’ म्हणाला, तर भिंतीवरचा नियम कितपत खरा आहे हे सर्वांना त्याच क्षणी कळते. सुपरवायझर बदलला की हा समजही काही महिन्यांत पालटू शकतो.

संस्कृती याहून खोल असते. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाच्या अहवालांतून हा शब्द रूढ झाला. माणसे बदलली तरी टिकणाऱ्या, कोणी न सांगता गृहीत धरलेल्या समजुती त्यात येतात आणि त्या केवळ प्रश्नावलीने हाती लागत नाहीत. थोडक्यात टळलेला अपघात कामगार न भिता सांगतो का, मजुरी नगावर असल्याने तो गॉगल काढून ठेवतो का, ठेकेदाराच्या माणसाला कायम कामगारासारखेच बूट मिळतात का, हे वर्षानुवर्षे पाहावे लागते. माझ्या मते शेवटचा प्रश्न सर्वांत बोलका आहे, कारण ज्याच्या जिवाची किंमत कमी धरली जाते, त्याच्याकडून नियमाच्या आदराची अपेक्षा करणे अन्याय्य आहे.

म्हणून एखाद्या कारखान्याची पारख करायची झाल्यास मी सुरक्षा सप्ताह टाळून रात्रपाळीला जाईन, आणि व्यवस्थापक घरी असताना लॅडल कोण व किती वेळ तापवतो, हे पाहीन.