शर्यतीच्या जुन्या मोटारींचे पुनरुज्जीवन

दीर्घकाळ बंद असलेली, अपघातात मोडलेली किंवा सुट्या भागांत विखुरलेली शर्यतीची मोटार पुन्हा स्वतःच्या इंजिनावर, न अडखळता धावेल अशा स्थितीत आणण्याची कारागिरी. येथे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारींचा विचार केला आहे. घरगुती वापराच्या जुन्या मोटारीपेक्षा हे काम वेगळे ठरते. शर्यतीची मोटार एक-दोन हंगामांपुरतीच बांधलेली असे आणि त्या हंगामांतही तिचे इंजिन, चाके व बॉडी बदलत राहत. त्यामुळे तिची ‘मूळ’ स्थिती कोणत्या दिवसाची धरायची, हा प्रश्न पाना हातात घेण्यापूर्वीच उभा राहतो.

या प्रथेचा आरंभ काही लेखक 1927 मधील लंडन–ब्रायटन स्मृतिफेरीपासून धरतात. त्या फेरीत जुन्या मोटारी होत्या हे खरे, पण त्या रस्त्यावरच्या होत्या. शर्यतीच्या गाड्या जपून पुन्हा शर्यतीतच उतरवण्याची रीत ब्रिटनमधील व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या स्थापनेनंतर (1934) रुजली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

बंद इंजिन थेट हँडल मारून फिरवत नाहीत. स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल सोडतात, ते मुरू देतात आणि मग इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहतात. त्या काळच्या शर्यती इंजिनांत एरंडेल वापरण्याची पद्धत होती. जास्त तापमानातही त्याचा थर टिकतो, पण काही वर्षे पडून राहिल्यावर ते राळेसारखे चिकट होते, तेलाच्या बारीक वाहिन्या बुजवते आणि खनिज तेलात नीट मिसळत नाही. म्हणून वाहिन्यांच्या टोकांचे स्क्रू काढून प्रत्येक वाहिनी गजाने व विद्रावकाने साफ केल्याशिवाय नवे तेल भरणे धोक्याचे असते. तेलाचा दाब दिसला तरी शेवटच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचतेच असे नाही.

कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) व क्रँकच्या (इंजिनाचा फिरता मुख्य दांडा) बेअरिंगांना आजच्यासारखी बदलण्याजोगी कवचे बहुधा नसत. कथील, अँटिमनी व तांबे यांची व्हाइट मेटल ही मिश्रधातू वितळवून जागेवर ओतली जाई. जुनी धातू भेगाळलेली असेल तर ती पूर्ण काढून नवी ओततात, एका रेषेत बोअर करतात आणि क्रँकला निळा रंग लावून, डाग उमटेल तेथे तासणीने हलकेच खरवडतात. डाग सर्व पृष्ठभागावर सारखा दिसू लागला की बेअरिंग बसले असे समजतात. हे काम यंत्राने पूर्ण होत नाही. हाताचा अंदाज लागतोच.

इंजिन सुरू होणे आणि ते नीट चालणे यांतले अंतर बहुधा मॅग्नेटोत, म्हणजे प्लगांना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या छोट्या जनित्रात, सापडते. थंड इंजिन चटकन सुरू होते, मात्र तापल्यावर मिसिंग करू लागते, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकवते, आणि मिस्त्री कार्ब्युरेटर उघडून बसतो. दोष पुष्कळदा मॅग्नेटोच्या आर्मेचरमध्ये, म्हणजे फिरत्या वेटोळ्यात, असतो. वेटोळ्यावरचे लाखेचे आवरण मऊ पडते, कंडेन्सरमधून वीज गळू लागते, कायमचुंबकाची शक्तीही उतरलेली असते. वेटोळे नव्याने गुंडाळणे, कंडेन्सर बदलणे व चुंबक पुन्हा भारणे हा त्यावरचा रूढ उपाय. त्यानंतरच ठिणगीचे टायमिंग, व्हॉल्व्हचे टॅपेट आणि कार्ब्युरेटरचे जेट यांकडे वळावे, हा क्रम अनुभवी मिस्त्री सहसा मोडत नाहीत. गाडी भार देऊन पळवली, इंजिन एकदम बंद करून प्लग काढले आणि त्यांवर फिकट तपकिरी रंग असला तर मिश्रण योग्य. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. कार्ब्युरेटरातल्या बुचाच्या फ्लोटवरचा लाखेचा थर इथेनॉलमिश्रित पेट्रोलात विरघळतो, ही अडचण अलीकडची.

पुनरुज्जीवनातून इतिहासाचा उलगडा कसा होऊ शकतो, याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ‘बॅब्स’. काउंट लुई झ्बोरोव्स्की यांची ही मोटार 27 लिटरच्या लिबर्टी विमान-इंजिनावर बांधलेली होती. त्यांच्या मृत्यूनंतर ती जे. जी. पॅरी-टॉमस यांनी विकत घेतली आणि एप्रिल 1926 मध्ये वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर जमिनीवरील वेगाचा ताशी 171.02 मैलांचा विक्रम केला. 3 मार्च 1927 रोजी तेथेच अपघातात टॉमस मरण पावले व मोटार वाळूत पुरण्यात आली. 1969 मध्ये अभियांत्रिकीचे अध्यापक ओवेन विन ओवेन यांनी ती उकरून काढली व पुढे सुमारे दीड दशक खपून चालती केली. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना देणारी, चालकाच्या बाजूने जाणारी साखळी तुटून तिचा फटका टॉमस यांना बसला, असे पूर्वीचे ग्रंथ बहुतांशी सांगतात. उकरलेल्या भागांची पाहणी झाल्यावर मात्र मागचे चाक आधी निकामी झाले व गाडी उलटली, हे मत पुढे आले. हा दुसरा क्रम अधिक संभाव्य दिसतो. जुनी हकीकत नाट्यमय असल्यामुळे ती अजूनही लोकप्रिय लेखनात येते. गाडी पुन्हा धावायची असेल तर हा वाद नुसता पुस्तकी राहत नाही: साखळीला जाड आच्छादन द्यायचे की चाके नव्याने बांधायची, हे त्यावर ठरते.

मूळपणाचा वाद न्यायालयातही गेला आहे. फ्रान्समधील ल माँ येथील 24 तासांची शर्यत 1929 व 1930 मध्ये जिंकलेल्या बेंटली ‘ओल्ड नंबर वन’च्या विक्रीवरून लंडनच्या उच्च न्यायालयात 1990 मध्ये खटला उभा राहिला. गाडीचे बहुतेक भाग मधल्या काळात बदलले होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी ती कारखान्यातून निघाली तशी मूळ नाही हे मान्य केले. पण बदल टप्प्याटप्प्याने झाले आणि गाडी कोणत्याही टप्प्यावर आपली ओळख हरवून नवीच वस्तू बनली नाही, म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ ठरते, असा निर्णय दिला.

फियाट एस76 या निकषावर अवघड बसते. चार सिलिंडरांच्या 28.4 लिटर इंजिनाची ही वेगाच्या विक्रमासाठीची मोटार. एका गाडीची चासी व दुसरीचे इंजिन एकत्र आणून, हरवलेले भाग जुन्या आराखड्यांवरून घडवून ती 2014 मध्ये पुन्हा सुरू झाली. असे भाग घडवणे आता सोपे होत आहे. ऑस्ट्रेलियात 1914 च्या देलाज शर्यती मोटारीचा इंजिन ब्लॉक त्रिमितीय मुद्रणाने केलेल्या वाळूच्या साच्यात ओतून तयार केला गेला. जुन्या वाहनांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाची तुरिन सनद (2012) मात्र जुना भाग शक्यतो राखण्याकडे झुकते.

भारतात 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातील वाहने विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येतात. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. नियमित वापरास मनाई असून प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली व त्यासाठीची देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर मुभा आहे. शर्यतीसाठी वारंवार बदललेली गाडी या व्याख्येत बसवणे कठीणच.