बेपत्ता की गैरहजर? एकतिसाव्या दिवसाची पार्श्वभूमी

जेल रोडला आमच्या पलीकडच्या गल्लीत तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. मुलगाही तोफखान्यातच. रजा संपवून तो मनमाडहून झेलम एक्सप्रेसला बसला आणि पलटणीत पोचलाच नाही. या सुभेदारकाकांच्या धावपळीबद्दल नाशिकरोडात बरंच बोललं जातंय, पण गैरहजर, भगोडा, मिसिंग, बेपत्ता हे सगळे शब्द एकाच अर्थाने वापरून. ते एका अर्थाचे नाहीत. या टिपणाचं कारण तेवढंच.

तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जवानांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणारं ऑफिस, इथे कॅम्पातच आहे. देशाच्या कुठल्याही टोकाला गनर, म्हणजे तोफखान्याचा जवान, हरवला तरी त्याचा कागद शेवटी नाशिकरोडला येतो. परराज्यातला बाप दोन-दोन दिवस रेल्वेत बसून ज्या ऑफिसात पोचणार, ते काकांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पण त्याचा त्यांना काडीचा उपयोग झालेला नाही. पलटण लिहून पाठवते तेच रेकॉर्ड चढवून घेतं.

फार जुन्यात शिरायला नको. पानिपतावरून भाऊसाहेब परतले नाहीत, प्रेताबद्दल शंका राहिली आणि पुढे तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये त्याला मारलं तोवर चांगली जाणती माणसंही त्याला भाऊ मानत होती. पेशवे स्वतः फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते, मोती गळाल्याचं ते पत्र त्यांना वाटेतच मिळालं. विश्वासरावांची आई पुढे आपल्या गंगापूरला येऊन राहिली. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच पत्रात रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही असंही होतं. आपला विषय तो खुर्दा आहे, म्हणजे ज्यांची गणती होत नाही ते साधे शिपाई.

त्यानंतर थेट १९७१. त्या युद्धातले ५४ जण पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत अशी सरकारी यादी आहे, आणि पाकिस्तानने ते आजवर नाकारलंय. यातल्या एका मेजरच्या वडिलांची गोष्ट काकांनीच मला सांगितली. मुलगा युद्धात मारला गेल्याचं त्यांना कळवलेलं होतं. १९७५ मध्ये त्यांना कराचीहून मुलाच्या हातची चिठ्ठी आली. अक्षर तपासून घेतलं गेलं आणि कागदावरचं ‘युद्धात ठार’ पुसून ‘युद्धात बेपत्ता’ झालं. मुलगा काही परत आला नाही. १९८३ मध्ये काही नातेवाईक पाकिस्तानात जाऊन तुरुंग पाहून आले, २००७ मध्ये आणखी १४ जण जाऊन आले, हाती काही लागलं नाही. डिसेंबर २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सरकारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायला सांगितलं, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

काकांना या गोष्टीत रस आहे तो एका शब्दापुरता. बापाने पाठपुरावा केला आणि फौजेने शब्द बदलला. पण त्या मेजरला कुणी पळून गेला म्हटलं नव्हतं. लढाईत हरवलेल्याला फौज आपला मानते. रजेवरून परतताना रेल्वेत हरवलेल्याचं तसं नाही.

आता मुद्द्याचं. १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये दोन वेगळे गुन्हे आहेत. कलम ३९ मध्ये विनापरवाना गैरहजेरी, त्यातच रजा संपूनही न परतणं, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. कलम ३८ मध्ये पलटण सोडून पळणं. त्याला शांततेच्या काळात सात वर्षांपर्यंत कैद, युद्धसेवेवर असताना थेट मृत्युदंडापर्यंत शिक्षा. दोन्हींत फरक इराद्याचा. परत यायचंच नाही असं ठरवून गेला तो भगोडा, उशिरा आला तो गैरहजर. इथवर कुणाची हरकत नाही.

घोळ कलम १०६ मध्ये आहे. जवान ३० दिवस गैरहजर राहिला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची अंतर्गत चौकशी, बसते. परवानगीशिवाय ‘किंवा अन्य पुरेशा कारणाशिवाय’ तो गैरहजर होता याची खात्री पटली, की ती गैरहजेरी जाहीर होते, सोबत त्याच्याकडची सरकारी वर्दी-सामान किती कमी आहे तेही. त्यानंतर तो स्वतः हजर झाला नाही किंवा पकडला गेला नाही, तर कायद्यापुरता तो भगोडा ‘मानला जातो’. इराद्याचा पुरावा लागत नाही. पुरेसं कारण नव्हतं हे कोर्टाला कसं कळणार? कारण सांगू शकणारा एकच माणूस, आणि तोच तर हरवलाय. चलतीतल्या गाडीतून पडलेला, चहात काही घालून लुटलेला, डोक्यावर परिणाम होऊन भलत्याच स्टेशनात उतरलेला आणि नोकरीला कंटाळून परगावी वॉचमन झालेला, हे चौघेही एकतिसाव्या दिवशी पलटणीच्या कागदावर एकसारखे दिसतात.

फौजेची बाजूही आहे, आणि ती काकांनीच मला समजावली. हजेरी हा पलटणीचा कणा. खरे पळालेलेच जास्त असतात, आणि प्रत्येकाला हरवलेला समजून पगार चालू ठेवला तर उद्या निम्मी पलटण हरवेल. ते सांगताना मध्येच थांबले. नोकरीत असताना अशा एका कोर्टावर ते स्वतः मेंबर होते. दुपारच्या जेवणाआधी काम उरकलं, तीन सह्या झाल्या, सामानात एक ब्लँकेट आणि बूट कमी निघाले तेही लिहिलं. पोरगा ओडिशाकडचा होता एवढं त्यांना आठवतं, नाव आठवत नाही. पुढे त्याचं काय झालं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

घोषणेनंतरची साखळी ठरलेली आहे. गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कापला जातो. कलम १०५ प्रमाणे गावाकडच्या पोलिसांना पकडण्यासाठी लेखी कळवलं जातं, फौजेत त्याला ॲप्रिहेन्शन रोल म्हणतात. काकांच्या दारात तो घेऊन आलेला पोलीस त्यांना साहेब-साहेब म्हणत होता आणि डोळ्यांनी आतल्या खोलीत पाहत होता. काकूंनी त्याला चहा दिला. काका म्हणाले, “बाबा, कपाटही उघडून बघ. आणि सापडला तर आधी मला फोन कर.” पुढे तीन वर्षांनी, युद्धसेवेवरून गेला असेल तर दहा वर्षांनी, सेवेतून बडतर्फी. भगोड्याच्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन नाही.

आमच्या देवळालीने यातलं एक प्रकरण जवळून पाहिलंय. मार्च २०१७ मध्ये वापरात नसलेल्या बराकीत एका जवानाचा मृतदेह मिळाला. आधीचे काही दिवस तो कागदावर गैरहजर होता. शोपियानचा प्रादेशिक सेनेचा जवान तर ईदला घरी आलेला असताना ऑगस्ट २०२० मध्ये पळवला गेला. पुढे त्याचे कपडे एका बागेत सापडले. बाप फावडं घेऊन वर्षभर बागा आणि ओढे खणत राहिला, सप्टेंबर २०२१ मध्ये कुलगाममध्ये प्रेत मिळालं तेव्हा कुठे लष्करी इतमामात दफन झालं. तोवर मुलगा बेपत्ता होता, हुतात्मा नव्हता. धुळ्याच्या बोरविहीरच्या जवानाचं उलट झालं. तो सप्टेंबर २०१६ मध्ये नियंत्रण रेषा ओलांडून गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये वाघा सीमेवर जिवंत परत मिळाला, पण त्याचा धक्का घेऊन आजी आधीच गेली होती.

आता याच्याशेजारी जुलै २०१६ मध्ये चेन्नईहून उडालेलं हवाई दलाचं एएन-३२ ठेवून बघा. विमानात २९ जण. अवशेष सापडले नव्हते, तरी सप्टेंबरमध्ये कुटुंबांना पत्रं गेली की ते मृत धरले जात आहेत. दोन महिनेही झाले नव्हते. अवशेष पुढे जानेवारी २०२४ मध्ये दिसले, समुद्रात ३,४०० मीटर खोल. ते पत्र चुकीचं होतं असं माझं म्हणणं नाही, समुद्रावर बेपत्ता झालेल्या विमानाबद्दल दुसरा अंदाज कोण करेल? पण पुराव्याशिवाय अंदाज करायची सोय फौजेकडे आहे, हे त्यातून दिसतं. ती एकट्या गनरला मिळत नाही.

पोलिसांकडे वेगळाच गुंता. सज्ञान माणूस हरवला की आपल्याकडे ‘मिसिंग’ दाखल होते, तो गुन्हा नसतो. जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द न बघता शून्य क्रमांकाने गुन्हा घ्यायची तरतूद आहे खरी, पण गुन्हा असेल तर ना. मनमाडला तो चढताना चुलतभावाने पाहिला, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, फोन मध्य प्रदेशात शिरल्यावर बंद झाला. मनमाडचे लोहमार्ग पोलीस म्हणणार, आमच्याकडून तर धडधाकट गेला. खंडवा-इटारसीकडचे म्हणणार, आमच्याकडे उतरल्याचं कशावरून?

आणि या नोंदीवरच पुढचं सगळं अडतं. बेपत्ता कर्मचाऱ्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन द्यायचा केंद्राचा आदेश १९८६ चा. सुरुवातीला एक वर्ष थांबावं लागे, पुढे ते पोलीस तक्रारीपासून सहा महिन्यांवर आलं. सैन्यालाही तो लागू झाला. अट अशी की पोलिसांनी शोध घेऊन सापडला नाही असा अहवाल द्यावा. पण ज्याला पलटणीने भगोडा ठरवलंय त्याच्या घरी हा आदेश पोचतच नाही. काही बायकांनी सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाऊन हे फिरवून घेतलंय, तेही बहुतेक वेळा सात वर्षांचा आधार घेऊन.

ती सात वर्षं १८७२ च्या पुरावा कायद्यातली, कलम १०८. एरवी ज्यांना खबर लागली असती त्यांना सात वर्षं लागली नाही, तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर. नव्या साक्ष अधिनियमात तेच कलम १११ म्हणून जसंच्या तसं आलंय. लोक समजतात सात वर्षं झाली की आपोआप मृत्यू. तसं नाही. २००४ मध्ये एका विम्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे गृहीतक फक्त मृत्यूचं, तारखेचं नाही. तारीख हवी तर ती पुराव्याने सिद्ध करा. त्या बाईने नवरा हरवल्यावर हप्ते भरणं थांबवलं होतं, म्हणून विम्याची पूर्ण रक्कम तिच्या हातून गेली.

काकूंच्या माहेरचे वेगळाच हिशोब मांडतात. प्रेत न मिळालेल्या माणसासाठी रामकुंडावर पालाशविधी करतात, पळसाच्या देठांचा देह आणि डोक्याला नारळ. हरवलेल्यासाठी बारा वर्षं थांबायची रीत. आणि विधी झाल्यावर माणूस परत आलाच तर त्याचं जातकर्मापासून सगळं नव्याने करायचं, हेही शास्त्राने सांगून ठेवलंय. माघारी येणाऱ्याची एवढी सोय मला ना आर्मी ॲक्टमध्ये दिसली ना पेन्शनच्या आदेशात.

काका अजून सात वर्षांबद्दलही बोलत नाहीत, बारा तर नाहीच. मागच्या सोमवारी त्यांनी रेकॉर्डमार्फत पलटणीला अर्ज दिला. चौकशी पुन्हा उघडावी, त्या डब्याच्या टीसीची साक्ष घ्यावी आणि आपल्याला साक्षीदार म्हणून बोलवावं, एवढी मागणी आहे. सोबत रजेच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स, मिसिंगची प्रत आणि मुलाचा गणवेशातला फोटो जोडलाय. पोच मिळाली आहे.