घेवड्याच्या शेंगेची शीर

घेवड्याच्या (फॅसिओलस व्हल्गॅरिस, गुणसूत्रांच्या ११ जोड्या) शेंगेच्या दोन्ही शिवणींलगत असणारा तंतूंचा पट्टा. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी घरांत शेंगा निवडताना टोक मोडून ती दोऱ्यासारखी ओढून काढतात. कोवळ्या शेंगेची मध्येच तुटते, जून शेंगेची थेट देठापर्यंत निघते. बाजारात ‘बीन्स’, कन्नडात ‘हुरुळीकायी’, मराठीत श्रावण घेवडा किंवा फरसबी. नुसत्या ‘घेवडा’ शब्दाने वालाच्या जातीची शेंगही समजली जाते, तेव्हा जुन्या नोंदी वाचताना जपावे.

रानटी घेवड्याची वाळलेली शेंग शिवणीवर फुटते, टरफले पीळ खातात व बी दूर उडते. शीर या फुटण्याच्या यंत्रणेचाच भाग आहे. माणसाने न फुटणारी शेंग निवडली. ही निवड मेक्सिको व अँडीज या दोन ठिकाणी स्वतंत्रपणे, सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी झाली असावी. एकाच उगमाचे जुने मत आता फारसे ग्राह्य धरले जात नाही. भारतात घेवडा पोर्तुगीजांमार्फत आला असे सामान्यतः मानतात.

शेंगेच्या रंगाबाबत आनुवंशशास्त्राचा पाया घालणाऱ्या मेंडेलनेच १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात हिरवा प्रभावी व पिवळा अप्रभावी असल्याचे नोंदवले. शिरेचा प्रश्न मात्र अवघड ठरला. बिनशिरेचे वाण अमेरिकेत १९ व्या शतकाच्या अखेरीस बाजारात आले. पुढे डच संशोधक प्राक्केन यांनी १९३४ मध्ये शीर नसणे हा प्रभावी गुण ठरवून ‘एसटी’ हे जनुकस्थान (गुणसूत्रावरील जनुकाची जागा) मांडले. अरॅबिडॉप्सिस या मोहरीवर्गीय वनस्पतीत शेंग फोडणाऱ्या ‘इंडिहिसंट’ जनुकाशी जुळणारे घेवड्यातील जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर, ‘एसटी’ स्थानाजवळ सापडले. पण २०१३ च्या अभ्यासात हे जनुक व बिनशिरेचा गुण यांची संततीतील वाटणी पूर्ण जुळली नाही व संशय उरला. २०२२ च्या संशोधनाने तो बराचसा दूर केला, असे म्हणता येते: बिनशिरेच्या वाणांत या जनुकाची दुहेरी प्रत व शेजारी एक उडता जनुकखंड (जागा बदलू शकणारा डीएनएचा तुकडा) आढळला, आणि जनुकाचे कार्य वाढलेले होते. ज्या झाडांत शीर पुन्हा उगवली, त्यांत दुहेरी प्रत गळालेली होती. बिनशिरेच्या बियाण्यात मध्येच शिरेचे झाड निघते, त्याला दरवेळी भेसळच कारण असते असे नाही.

रानटी शेंगेच्या पिळाशी वेगळे जनुक, मुख्यत्वे तिसऱ्या गुणसूत्रावरचे, जोडले गेले आहे.