मुलांची पोटगी आणि वडील : मदत कोठे मिळते आणि आपण काय करावे

आमच्या कार्यालयात सल्ल्यासाठी येणाऱ्या वडिलांना हे माहितीपत्रक पहिल्या भेटीतच दिले जाते. वकिलांना जाहिरात करण्याची मुभा नसल्यामुळे ते बाहेर कोठेही वाटले जात नाही. समन्स खिशात घेऊन आलेल्या माणसाला समोर बसून सांगितलेले निम्मेही लक्षात राहत नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून घरी निवांतपणे वाचता येईल अशा रीतीने आवश्यक तेवढी माहिती येथे लिहून दिली आहे. ज्यांच्याकडून मुलांसाठी पोटगी मागितली गेली आहे अशा वडिलांचा यात प्रामुख्याने विचार केला आहे. ज्यांच्याकडे मूल राहते आणि ज्यांना खर्चाला हातभार हवा आहे, त्यांच्यासाठीचा मजकूर पुढे आहे.

दावा कोणता आहे ते आधी पाहावे

आपल्या हाती आलेल्या कागदावर कोणत्या कायद्याचे कोणते कलम लिहिले आहे, हे सर्वप्रथम वाचावे. मुलांच्या पोटगीचा अर्ज बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ खाली केलेला असतो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यापूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती, आणि न्यायालयाच्या आवारात आजही सर्व जण ‘एकशेपंचवीसची केस’ असेच म्हणतात. हे कलम सर्व धर्मांच्या पालकांना लागू आहे आणि आईवडिलांचा विवाह झालेला नसला तरी मुलाचा हक्क कायम राहतो. याशिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली घटस्फोटाच्या दाव्यातच मुलांच्या खर्चाचा आदेश होऊ शकतो, आणि घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २० खालीही रक्कम मागता येते. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी अर्ज चालू असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

अनेक वडील अशा वेळी घाबरून जातात की प्रत्येक न्यायालयाला वेगवेगळी रक्कम द्यावी लागेल. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात, जे मुळात नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेले होते, असे स्पष्ट केले आहे की अर्जदाराने आधीच्या कार्यवाहीची आणि आदेशांची माहिती नंतरच्या न्यायालयाला दिली पाहिजे, आणि आधी ठरलेली रक्कम नंतरच्या आदेशात हिशेबात धरली पाहिजे. मात्र ही माहिती समोरच्या बाजूने सांगितली जाईल यावर विसंबून राहू नये. प्रत्येक आदेशाची नक्कल आपण स्वतः काढून ठेवावी आणि प्रत्येक न्यायालयात दाखल करावी.

पत्नीची पोटगी आणि मुलाची पोटगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही येथेच सांगणे आवश्यक आहे. पत्नी कमावती असेल तर तिच्या रकमेवर त्याचा परिणाम होऊ शकतो. मुलाचा हक्क मात्र त्याचा स्वतःचा असतो. परस्पर संमतीने घटस्फोट घेताना पत्नीने स्वतःची पोटगी सोडून दिली, तरी ‘मुलासाठीही काही नको’ असे तिने लिहून दिल्याने मुलाचा हक्क संपत नाही. असा करार करून आपण सुटलो असे समजणारे वडील पुढे काही वर्षांनी पुन्हा आमच्याकडे आलेले आहेत.

रक्कम कशी ठरते

आपल्या देशात मुलाच्या पोटगीसाठी ठरलेले कोष्टक नाही. पगाराच्या पंचवीस टक्के द्यावे लागतात, असे जे ऐकू येते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधील एका निकालातील पत्नीच्या पोटगीविषयीच्या विधानावरून पसरलेले आहे; मुलांना लागू होणारा तो बांधील नियम नव्हे. न्यायालय मुलाचे वय, शाळेची फी, औषधोपचार, राहणीमान, दोन्ही पालकांचे उत्पन्न आणि वडिलांवर अवलंबून असलेली इतर माणसे हे सर्व पाहते. शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा, परंतु आई पुरेसे कमावत असेल तर तो दोघांत प्रमाणात वाटता येतो, असे २०२० च्या निकालातच म्हटले आहे. आईच्या उत्पन्नाचा मुद्दा मांडणे यात गैर काहीच नाही. तो पुराव्यासह आणि संयमित भाषेत मांडावा.

आपले म्हणणे खऱ्या अर्थाने मांडण्याची जागा म्हणजे मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे शपथपत्र. २०२० च्या निकालापासून ते दोन्ही बाजूंना द्यावे लागते, त्याचा नमुना ठरलेला आहे आणि शेतीवर उपजीविका असणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. अर्जाला उत्तर देताना हे शपथपत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचे असते, आणि त्यासाठी सहसा दोनपेक्षा अधिक संधी मिळत नाहीत; त्यानंतरही ते आले नाही तर बचाव रद्द होऊ शकतो. आमच्याकडे बिघडून आलेल्या प्रकरणांपैकी बहुतेक प्रकरणे याच टप्प्यावर बिघडलेली असतात. वडील उत्पन्न लपवतात किंवा काहीच सांगत नाहीत, आणि मग न्यायालय उपलब्ध कागदांवरून स्वतःच अंदाज बांधते. तो अंदाज क्वचितच वडिलांच्या बाजूने चुकतो.

नोकरदाराने पगारपत्रके, फॉर्म १६ आणि बँकेचे उतारे जोडावेत. प्राप्तिकर आणि भविष्यनिर्वाह निधी यांसारख्या सक्तीच्या कपाती न्यायालय सहसा मान्य करते, परंतु दावा दाखल झाल्यावर घेतलेल्या मोटारीच्या कर्जाचा हप्ता दाखवून उत्पन्न कमी झाल्याचे सांगितल्यास उलट परिणाम होतो. रिक्षाचालक, दुकानदार किंवा हंगामी काम करणाऱ्याकडे पगारपत्रक नसते. त्याने परवाना, कर्जाचे कागद, इंधनाचा आणि दुरुस्तीचा खर्च आणि यूपीआयने जमा झालेल्या रकमांचा उतारा द्यावा. शेतकऱ्याने सातबारा आणि आठ-अ यांच्यासोबत पीक विकल्याच्या पावत्या जोडाव्यात, कारण केवळ सातबाऱ्यावरील क्षेत्र पाहिले तर उत्पन्न प्रत्यक्षाहून अधिक वाटू शकते, विशेषतः ती जमीन सामाईक असेल तर. वृद्ध आईवडिलांच्या औषधांची बिलेही जोडावीत. एक इशारा: धडधाकट असूनही ‘मला काम नाही’ एवढेच सांगणाऱ्या पित्याला न्यायालये कमाई करण्यास समर्थ मानतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही हेच पुन्हा सांगितले आहे.

मदत कोठे मिळते

वकिलाची फी परवडत नाही म्हणून तारखेला न जाणे ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समिती असते. तेथे मोफत वकील मिळू शकतो. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. परंतु अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची ही अट न लावता मदत मिळते. कारखान्यात काम करणाऱ्या अनेक वडिलांना ही शेवटची गोष्ट ठाऊक नसते, आणि फी घेणाऱ्या वकिलांनीच ती सांगावी हे थोडे विचित्र वाटले, तरी आम्ही ती सांगतो. १५१०० हा विधी सेवेचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.

कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात आणि कायद्यानेच न्यायालयावर आधी तडजोडीचा प्रयत्न करण्याचे बंधन घातले आहे. वडिलांना समुपदेशकाकडे जाणे म्हणजे पत्नीचेच ऐकून घेणे असे वाटते. प्रत्यक्षात मुलाची फी थेट शाळेत भरणे, सुट्टीत मूल कोणाकडे राहील, आजी-आजोबांना केव्हा भेटता येईल, यांसारख्या गोष्टी तेथे जितक्या मोकळेपणाने ठरतात तितक्या साक्षीच्या पिंजऱ्यात ठरत नाहीत. जे ठरेल ते लेखी घेऊन दोघांच्या सहीची पुरसीस (म्हणजे लेखी निवेदन) न्यायालयात दाखल करावी, कारण तोंडी ठरलेले सिद्ध करता येत नाही.

आपल्या प्रकरणाची पुढील तारीख आपण स्वतः पाहू शकता. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा आणि अंकांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की तारीख व आदेश दिसतात. गैरहजेरीत एकतर्फी आदेश झाला असेल, तर योग्य कारण दाखवून तीन महिन्यांच्या आत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. या दिवसांत झोप उडणे, कामात मन न लागणे हे पुष्कळांच्या बाबतीत घडते. त्यासाठी १४४१६ या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.

मूल वडिलांकडे असेल तर

हिंदू दत्तक व पोटगी कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी आई आणि वडील या दोघांवरही आहे. त्यामुळे मूल आपल्याकडे राहत असेल आणि आई कमावती असेल, तर मुलाच्या वतीने तिच्याकडून खर्च मागता येतो. एकट्याने मूल सांभाळणाऱ्या आणि उत्पन्न बेताचे असलेल्या वडिलांनी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अवश्य करावी. पात्र बालकासाठी या योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात.

आदेश झाल्यानंतर

पोटगी नेहमी बँकेतून पाठवावी आणि ‘जुलै महिन्याची पोटगी’ असा शेरा लिहावा. रोख दिलेली रक्कम, मुलाला घेऊन दिलेली सायकल किंवा दिवाळीचे कपडे हे पोटगीत धरले जातील असे समजू नये. फी थेट शाळेत भरायची असेल, तर तसे आदेशातच लिहून घ्यावे.

नोकरी गेली, आजारपण आले किंवा उत्पन्न खरोखरच घटले, तर रक्कम आपल्या मनाने कमी करू नये. बदललेल्या परिस्थितीसाठी कलम १४६ खाली, म्हणजे जुन्या कलम १२७ खाली, रक्कम कमी करण्याचा अर्ज आहे. राजीनाम्याचे किंवा कामावरून कमी केल्याचे पत्र हाती येताच तो करावा, कारण अर्ज नसेल तोपर्यंत जुनीच रक्कम देय राहते आणि फरक थकबाकी म्हणून साचत जातो. थकबाकीसाठी वसुलीचे वॉरंट निघू शकते आणि दर महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आल्याने देणे फिटते हा समज चुकीचा आहे. रक्कम तशीच बाकी राहते. पगारावर जप्ती आली, तर इतर देण्यांपेक्षा पोटगीच्या बाबतीत कायद्याचे संरक्षण कमी असते: पगाराचा केवळ एक तृतीयांश भाग जप्तीपासून वाचतो.

कलम १४४ खाली मुलाची पोटगी सामान्यतः अठराव्या वर्षापर्यंत असते. शारीरिक किंवा मानसिक असमर्थता असलेल्या अपत्याला ती पुढेही मिळते, आणि स्वतःचे उत्पन्न नसलेल्या अविवाहित हिंदू मुलीला १९५६ च्या कायद्याखाली विवाह होईपर्यंत मागता येते.

भेटीचा प्रश्न

‘मूल भेटू देत नाहीत, मग पैसे का द्यावेत?’ हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि त्यामागचे दुःख आम्हाला समजते. तरीही पोटगी आणि भेट हे दोन स्वतंत्र विषय आहेत. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणाऱ्या वडिलांचा भेटीचा अर्जही दुबळा होतो, आणि नियमित पोटगी भरल्याचे उतारे हाच भेटीच्या अर्जाला जोडण्यासारखा सर्वांत चांगला कागद असतो. भेटीसाठी किंवा ताब्यासाठी पालक व पाल्य कायदा, १८९० खाली मूल जेथे नेहमी राहते तेथील न्यायालयात, अथवा चालू असलेल्या वैवाहिक दाव्यात, वेगळा अर्ज करावा लागतो. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते, पण भेट त्यामुळे नाकारली जात नाही. मुलाला दोन्ही पालकांचा सहवास मिळण्याचा हक्क आहे आणि दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर बोलू द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले आहे. नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशी असलेल्या वडिलांनी ही मागणी अर्जात ठराविक वार आणि वेळ लिहून करावी. ठरलेल्या भेटीला आपण गेलो आणि मूल आणले गेले नाही, तर त्याच दिवशी तसे लेखी कळवावे आणि पुढील तारखेला ते न्यायालयाच्या नजरेस आणावे.

पुढील भेटीस येताना समन्स व अर्जाची प्रत, सहा महिन्यांची पगारपत्रके किंवा उत्पन्नाचे अन्य कागद, एक वर्षाचे बँक उतारे, आतापर्यंत पाठवलेल्या रकमांची यादी आणि मुलाच्या शाळेच्या पावत्या असल्यास त्या सोबत आणाव्यात. तारीख आठ दिवसांच्या आत असेल तर कागद पूर्ण होण्याची वाट न पाहता आधी दूरध्वनी करावा.